पंचनाम्यात नसलेला रकाना

गणेशोत्सवाच्या तयारीची आमच्या पेठेतल्या मंडळाची मीटिंग होती. वर्गणी, मूर्ती, मिरवणूक असं सगळं झाल्यावर कॉलेजात शिकणाऱ्या एका पोरीनं विषय काढला. यंदा एका संध्याकाळी मानसोपचारतज्ज्ञांना बोलवून मनाच्या आरोग्यावर कार्यक्रम ठेवूया, असं तिचं म्हणणं. एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, लगेच म्हणाले, "आगं, कोल्हापूरच्या माणसाला कसलं डिप्रेशन? सकाळी तालमीत दोनशे जोर मारायचं, गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायचं, सांजच्याला रंकाळ्यावर एक फेरी. मन आपोआप जाग्यावर येतंय." टाळ्या पडल्या. पोरगी भडकली. तुमची पिढीच टॉक्सिक आहे, तुम्हा सगळ्यांनाच थेरपीची गरज आहे, असं म्हणून ती उठून गेली. तिच्या मागोमाग चार पोरं गेली आणि विषय तिथंच बुडाला. मी मागच्या सतरंजीवर बसून होतो. घरी जाताना मला दोन्ही बाजूंचा राग येत होता, कारण ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्या खचलेल्या माणसाचा विचार दोघांच्याही बोलण्यात कुठं नव्हता.

हाच वाद आता घरोघरी चालतो. एका बाजूला कट्टा, दुसऱ्या बाजूला क्लिनिक, आणि मध्ये एकमेकांना नावं ठेवणं. माझं मत आधीच सांगून टाकतो. मन सांभाळणं हे एकट्यादुकट्याचं खासगी काम नाही आणि नुसतं डॉक्टरचंही नाही. पाणी, रस्ता, शाळा यांच्यासारखं ते गावाचं काम आहे. कोल्हापुरात माणसांना तोटा नाही, मायेलाही नाही. तोटा आहे तो वेळेवर ओळखायचा आणि नीट विचारायचा. आमचा कट्टा मन सांभाळतो असा दावा करायचा असेल, तर कट्ट्याला ते काम शिकावं लागेल. नुसतं शेजारी बसल्यानं ते होत नाही.

कट्ट्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांना मी हलक्यात घेत नाही. चार माणसांत ऊठबस असलेला माणूस एकट्या पडलेल्यापेक्षा लवकर सावरतो, हे खरंच आहे. पुण्या-बेंगळुरूला नोकरीला गेलेली आमची पोरं सांगतात, आठ-आठ दिवस ऑफिसबाहेरच्या माणसाशी बोलणं होत नाही. इथं चहाच्या गाड्यावर उभं राहिलं की तिसरा माणूस घरची चौकशी करतो. ही मोठी दौलत आहे. दुसरं म्हणजे प्रत्येक दुःख हा आजार नसतो. बाप गेला तर पोरगा महिनोन्‌महिने गप्प राहणार, पीक गेलं तर शेतकऱ्याची झोप उडणार. त्याला घाईनं आजाराचं नाव चिकटवणं अन्यायच आहे. तिसरं, समुपदेशक अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाकडं त्याचं शिक्षण असतंच असं नाही, आणि खासगी बैठकीची फी रोजंदारीवरच्या माणसाला झेपत नाही. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत आणि क्लिनिकवाल्यांनी ते मान्य केले पाहिजेत.

पण तालमीचा दाखला देणाऱ्यांनी तालमीत नेमकं काय व्हायचं तेही आठवावं. लाल मातीनं, जोर-बैठकांनी, दुधा-बदामांनी शरीर घडलं. मन कशानं सांभाळलं गेलं? वस्तादाच्या नजरेनं. पहाटे आखाड्यात उतरलेल्या पोरांत कोण रात्रभर जागा आहे, कोण घरात भांडून आलाय, कुणाचा खुराक तुटलाय, हे वस्तादाला कुणी न सांगता कळायचं. तो पोराला बाजूला घ्यायचा, कधी शिवी देऊन, कधी पाठीवर हात ठेवून विचारायचा. पोरगं गावाकडचं असेल तर घरी निरोप धाडायचा. आजच्या जिममध्ये जोर तेवढेच निघतात, चारी भिंतींना आरसे असतात. पोरगं दिवसभर स्वतःला बघतं, त्याला दुसरं कुणी बघत नाही. तेव्हा "दोनशे जोर मार" असं सांगणारा माणूस तालमीतली निम्मीच गोष्ट सांगतोय, आणि नेमकी कामाची निम्मी गाळतोय.

आणखी एक. मैदानात पैलवानाचा खांदा निखळला तर कुठला वस्ताद म्हणतो, अजून शंभर जोर काढ, जाग्यावर येईल? तो त्याला उचलून हाडवैद्याकडं नाहीतर दवाखान्यात नेतो. खांदा निखळला म्हणून पोराची सोयरीक मोडत नाही. तालीम चांगली आहे आणि खांद्याला वैद्य लागतो, या दोन गोष्टी कोल्हापूरनं शेकडो वर्षं एकत्र मानल्या. मग मनाच्या बाबतीतच तालीम आणि वैद्य एकमेकांचे वैरी कसे झाले?

कट्ट्यावर बसून माणूस कसा बुडतो, ते मी माझ्या घरात बघितलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा नदीकाठच्या आमच्या गावात चुलत्यांच्या घरात माळवदापर्यंत पाणी होतं. आबांना, म्हणजे चुलत्यांना, पोरांनी होडीतनं बाहेर काढलं. दोन म्हशी मात्र दावणीलाच राहिल्या. दावी कापायची राहून गेली, आणि ते आबांच्या हातनं राहून गेलं. पाणी उतरल्यावर गाव उभं राहिलं. चिखल काढला, भिंती धुतल्या, नवी भांडी आली. आबा रोज सकाळी देवळाच्या पारावर येऊन बसायचे आणि पुराच्याच गोष्टी रंगवून सांगायचे. होडीत कोण कसं घाबरलं, कुणाची टोपी वाहून गेली. माणसं पोट धरून हसायची. "आबा घट्ट माणूस," असं सगळा गाव म्हणायचा. मीही म्हणायचो.

आबा पहाटे चारला उठून रिकाम्या गोठ्यात जात होते. बादलीनं पाणी आणून दगडी डोणी भरायचे, वैरणीची पेंढी सोडून पसरायचे आणि उजाडायच्या आत ती परत बांधून ठेवायचे. पाच महिने. हे पारावरच्या एकालाही माहीत नव्हतं. कळलं ते वहिनींना, म्हणजे आबांच्या सुनेला, आणि तेही पेंढीमुळं. तीच पेंढी, पण गाठ रोज वेगळी दिसायची. एका रात्री त्या गोठ्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "आबा, झोप लागंना न्हवं तुमास्नी?" आबा डोणीच्या कडेवर बसले आणि पुरानंतर पहिल्यांदा रडले. त्यांचं ते रडणं ऐकून माझा चुलतभाऊ उठून आला. तो म्हणाला, मला वाटलं घरात कोण गेलं.

पुरानंतर पंचनामे झाले. भिंतीचा रकाना होता, जनावराचा होता, भांड्याकुंड्यांचा आणि पिकाचा होता. झोपेचा रकाना नव्हता. मी सरकारी माणसांना दोष देत नाही, आम्हीही विचारलं नव्हतं. त्याच गावातल्या पोरांनी गळ्याएवढ्या पाण्यातनं म्हाताऱ्या माणसांना पाठकुळी घेऊन बाहेर काढलं होतं. हिंमत होती, माया होती. पण पाणी ओसरल्यावर माणूस आतनं बुडू शकतो, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. आबांना बोलतं ठेवणारा पारच त्यांना लपायला जागा देत होता, कारण पारावर एकच नियम असतो: हसवता येत असेल तर बस, रडायचं असेल तर घरी जा.

इथं मला मिरज आठवते. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली उभारलेल्या तिथल्या मिशन रुग्णालयात आपल्याकडची कितीतरी माणसं गाडी धरून गेली. त्या काळात क्षयावर औषध नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती, दूध, अंडी हाच उपचार. घरात क्षय आहे हे लोक लपवायचे, मुलींची लग्नं अडायची. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, मग आणखी औषधं आली. १९५० च्या दशकाच्या अखेरीला मद्रासमध्ये एक अभ्यास झाला. गरिबाच्या खोलीत राहून नियमित औषध घेणारा रुग्ण आणि आरोग्यधामात हवापाण्यावर राहून तेच औषध घेणारा रुग्ण जवळपास सारखेच बरे होतात, हे त्यातनं दिसलं. म्हणजे हवा आणि दूध वाईट होतं काय? मुळीच नाही. पण जंतू मारायचं काम त्यांचं नव्हतं. रंकाळ्याची फेरी आणि गंगावेशीतलं दूध यांच्याविषयी मला एवढंच म्हणायचंय. दिवसेंदिवस अन्न गोड लागत नाही, झोप उडालीय, जगणं नको झालंय, अशा माणसाला फेरीवर पाठवून आपण हात झटकतो तेव्हा आपण १९२० सालातले असतो.

आता त्या पोरीच्या बाजूनं. तिचा संताप मला समजतो. देशातल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागं साधारण एक जण कुठल्या ना कुठल्या मानसिक आजाराशी झगडत असल्याचं आढळलं, आणि आजारागणिक ७० टक्क्यांहून अधिक माणसांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. "आमच्यात नसतं असलं काही" हे वाक्य या आकड्यापुढं टिकत नाही. आपल्यात असतं. ते बोललं जात नाही, एवढंच.

पण तिचं म्हणणं मला पुरं पडत नाही. भारतात लाख माणसांमागं एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. समजा, उद्या सगळ्या कोल्हापूरनं लाज सोडली आणि उपचार घ्यायचं ठरवलं, तर शाहूवाडीच्या, गगनबावड्याच्या, चंदगडच्या माणसानं जायचं कुठं? एसटीनं दिवस मोडून शहरात यायचं, रांगेत थांबायचं, पाच मिनिटांत चिठ्ठी घेऊन परतायचं? "थेरपी घे" हा सल्ला ज्याच्या खिशात पैसा आणि हातात वेळ आहे त्याच्यापुरता बरोबर आहे. बाकीच्यांना तो फक्त आणखी एक उणीव दाखवून देतो. आणि ज्यांना बदलायचं त्यांना पहिल्याच वाक्यात टॉक्सिक म्हटलं की ते ऐकणार कसे? ज्या ज्येष्ठांवर ती ओरडली त्यांनी स्वतः पुरात चार रात्री होडी हाकलीय. त्यांना शिकवता येतं. ते शिकतात. पण तसा रस्ता मिळाला पाहिजे.

लोकांच्या भीतीलाही इतिहास आहे, तो अडाणीपणा म्हणून झटकू नये. १९१२ साली शाहू महाराजांचं खासबाग मैदान उभं राहिलं. त्याच साली इंग्रज सरकारनं वेड्यांसंबंधीचा कायदा केला. त्या कायद्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं माणूस आत जायचा. १९८७ साली नवा कायदा होईपर्यंत देश त्याच कायद्यावर चालला. माझ्या लहानपणी कुणी जरा वेगळं वागलं की म्हणायचे, याला रत्नागिरीला धाडायला पाहिजे. राज्याच्या चार मनोरुग्णालयांपैकी एक तिथं आहे. आम्हा पोरांना रत्नागिरी म्हणजे समुद्र आणि आंबे हे फार उशिरा कळलं. १८९७ च्या प्लेगात पुण्यातल्या घरांनी आपले आजारी लपवले, कारण झडती घेणारे गोरे शिपाई लोकांना प्लेगाहून भयंकर वाटत होते. औषधाची भीती रोगापेक्षा मोठी झाली की माणसं लपवतातच. आता कायदा बदललाय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचार हा हक्क ठरवला. ज्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला तो प्रचंड ताणाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याची काळजी घ्यायची, असं हा कायदा सांगतो. ही बातमी पेठेपेठेत पोचवायचं काम कुणाचं? माझ्या मते मंडळाचंच.

मग डॉक्टर थोडे आणि माणसं अमाप, यातनं मार्ग निघतो का? निघतो, आणि तो आपल्या शेजारच्या गोव्यातच निघालाय. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्याच्या रुग्णांशी ठरावीक पद्धतीनं बोलायला बसवलं गेलं. सहा ते आठ बैठका, गंभीर रुग्णाला डॉक्टरकडं पाठवायची सोय, वरून तज्ज्ञांची देखरेख. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केलं, त्याची रीतसर तपासणी केली, आणि रुग्णांना खरोखर उतार पडल्याचं दाखवून दिलं. झिंबाब्वेत हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी तर वस्तीतल्या आज्यांनाच हाताशी धरलं. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक बाक, त्यावर शिकून तयार झालेली आजी, शेजारी येऊन बसणारा दुःखी माणूस. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या बाकाचा गुण सिद्ध झाला. बाक! कट्टाच की तो. फरक एवढाच, तिथं बसलेल्या आजीला ऐकायला शिकवलेलं आहे, आणि पुढं कुणाकडं पाठवायचं ते तिला माहीत आहे.

कट्टा म्हणताना आपण निम्म्या गावाला विसरतो. बायकांना कट्टा कुठं आहे? पूर्वी नदीवर धुणं आपटताना, पाणवठ्यावर चार गोष्टी बोलल्या जायच्या. घरात नळ आले ते चांगलंच झालं, कुठल्याच बाईला ती पायपीट परत नको. पण बोलायची जागा नळाबरोबर गेली आणि तिच्या बदल्यात काही आलं नाही. बचत गट आहेत असं लोक सांगतात. ज्या बायांसमोर आपला हप्ता थकलाय, त्यांच्यासमोर "मला आता झेपत नाही" असं कोण म्हणेल? शिरोलीच्या फाउंड्रीत नाहीतर इचलकरंजीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा पत्र्याच्या खोलीत झोपायचा प्रयत्न करतो, तेव्हा पोरांना गप्प ठेवत बसणारी बायको दोघांची झोप सांभाळत असते. त्याला "ध्यान करा, सकारात्मक विचार करा" असं सांगणारा व्हिडिओ पाठवण्यात काय अर्थ आहे? त्याला पाळी नीट लावून मिळाली पाहिजे. झोप हे मनाचं पहिलं औषध, असं सगळे सांगतात. ते ज्याला परवडत नाही त्याची चूक कुठली? इथं पुन्हा क्षयाचंच उदाहरण घेतो. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिला तर त्यांच्यात क्षय होण्याचं प्रमाण बरंच घटतं, हे २०२३ साली दाखवलं गेलं. गोळी लागतेच, आणि ताटात अन्नही लागतं. मनाचंही तेच आहे. म्हणून मी याला गावाचं काम म्हणतो. कर्ज, दारू, पाळी, परीक्षा यांना हात न घालता नुसत्या माणसाला खंबीर राहायला सांगणं मला पटत नाही.

पावसाळ्यात कोल्हापूरचं माणूस सकाळी उठून पहिल्यांदा काय बघतं? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. ३९ झाले की नदीकाठची माणसं जनावरं सोडतात, धान्य माळ्यावर टाकतात. ४३ ची वाट कुणी बघत नाही. आणि ३९ ला हलला म्हणून कुणाला भित्रा म्हणत नाहीत, शहाणा म्हणतात. मनाच्या बाबतीत आपण ५५ फुटांपर्यंत थांबतो आणि मग होडी कुठं मिळते ते विचारतो. इशारा पातळीची लक्षणं काही गूढ नाहीत. झोप मोडणं, जेवण कमी होणं, रोज येणारा माणूस यायचा बंद होणं, दारू वाढणं, "मी सगळ्यांना ओझं झालोय" असं बोलणं. पार, तालीम, मंडळ, भिशी, कॉलेजचं कँटीन, जिथं रोज तीच माणसं भेटतात तिथं ही लक्षणं दिसतातच. ती वाचायला दोन दिवसांचं साधं शिबिर पुरेल. विचारायचं कसं, गप्प बसून ऐकायचं कसं, "एवढ्या-तेवढ्याला काय" हे शब्द गिळायचे कसे. जीव द्यायचे विचार येतात का, असं सरळ विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट माणूस मोकळा होतो, हे शिबिरात पहिल्यांदा सांगावं. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा नंबर मंडळाच्या फलकावर रंगवावा. २०२२ पासून तो चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनाचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात ते त्याखाली लिहावं. मंडळाची रुग्णवाहिका जशी रात्री-अपरात्री निघते तसा एखादा कार्यकर्ता पहिल्या खेपेला सोबत जावा, कारण पहिली खेप एकट्यानं होत नाही. याला फार पैसा लागत नाही. एका डॉल्बीच्या रात्रीच्या खर्चात हे सगळं वर्षभर चालेल, असं मी मंडळाच्या पुढच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे. त्या पोरीला मी फोन केलाय, त्या ज्येष्ठांच्या घरी जाऊनही आलोय.

आबांना पुढं डॉक्टरांच्या गोळ्या काही महिने चालल्या. वहिनी प्रत्येक खेपेला सोबत गेल्या. पुढच्या दिवाळीत एक म्हैस आली. कशानं किती गुण आला, ते मला वेगळं करून सांगता येत नाही आणि आबांनाही येत नाही. ते अजून पारावर बसतात आणि गोष्टी सांगतात, पण आता दाव्याची गोष्टही सांगतात. घरात एक सवय पडलीय. पावसाळा असो-नसो, रात्री ताट वाढताना वहिनी विचारतात, "आबा, आज किती फूट?" बहुतेक वेळा आबा भाकरी मोडत म्हणतात, "तीस-बत्तीस." मागच्या महिन्यात मी जेवायला होतो त्या दिवशी ते जरा थांबले आणि म्हणाले, "अडतीस झालं असतील बघ." वहिनींनी ताट वाढून झाल्यावर हात पुसले, चुलीपाशी परत न जाता पाट ओढला आणि त्यांच्याजवळ बसल्या.